दर्याई नारळाचे मूळ गाव

काष्ठौषधींच्या दुकानात दर्याई नारळाचा वाळका, दगडासारखा तुकडा मिळतो. फकिरांचे कश्कूल आणि कित्येक साधूंचे कमंडलू याच्याच करवंटीचे. तरीही ज्यांनी तो शतकानुशतके वापरला, त्यांच्यापैकी कुणी त्याचे झाड पाहिले नव्हते. मला या इतिहासाचे कुतूहल वाटते ते त्यामुळेच.

गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. (मुंबई बेट पट्ट्याने घेणारा तो हाच.) मालदीवच्या किनाऱ्याला लागणाऱ्या या जोडनारळाबद्दल तो लोकसमजूत नोंदवतो: तिथे पूर्वी सलग जमीन होती, ती बुडाली आणि तिच्यावरचे माडही समुद्राखाली गेले. विषावरचा उतारा म्हणून त्याची ख्याती मोठी. मालदीवमध्ये सापडलेल्या फळावर राजाचा हक्क असे. तिथे १६०२ ते १६०७ अडकून पडलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल सांगतो, की कुणी एकाएकी श्रीमंत झाला तर लोक म्हणत, याला तो नारळ सापडला असणार!

झाड सापडले १७६८ मध्ये, सेशेल्समधील प्रालँ बेटावर, एका फ्रेंच मोहिमेला. लगेच पुढच्या वर्षी जहाज भरून नारळ हिंदुस्थानात विकायला आले आणि भाव कोसळला. माझ्या मते इतकी वर्षे किंमत मोजली जात होती ती औषधापेक्षा अज्ञाताची.

निसर्गतः हा माड प्रालँ आणि शेजारचे क्युरियूज एवढ्याच बेटांवर वाढतो. ती बेटे पोवळ्याची नाहीत, ग्रॅनाइटची आहेत, माती निकस. पन्हळीसारखी रुंद पाने पावसाचे पाणी, परागकण, पालापाचोळा सगळे बुंध्याशी आणून सोडतात, म्हणजे झाड आपले खत आपणच गोळा करते. नर-मादी झाडे वेगळी. फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात. ताजे फळ पाण्यात बुडते. गर कुजून पोकळ झाले तरच तरंगते. मालदीवला पोचणारे प्रत्येक फळ असे मेलेलेच असे, म्हणून माड तिथे कधी रुजला नाही.

प्रालँवरची वाले द मे ही १९.५ हेक्टरची दरी १९८३ पासून जागतिक वारसा आहे. पर्यटकाला परवान्यासह रिकामी करवंटी विकत घेता येते. गराला मात्र अजून गिऱ्हाईक आहे, त्यासाठी फळे चोरली जातात, आणि झाडाखाली रुजायला बी कमी उरते.