इंग्रजीतलं नाव : एक अक्षर चुकलं की कागद अडतो

दहावीचे अर्ज भरायची वेळ आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या आम्हा शिक्षकांना दरवर्षी तोच अनुभव येतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरं. मूल एकच, पण संगणकाच्या लेखी तिघं. मग शिष्यवृत्ती अडते, जातीचा दाखला अडतो, पुढे हज-उमराहसाठी पासपोर्ट काढतानाही तेच.

चूक कुठे होते?

आपलं नाव उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जातं. उर्दूत 'जीम' आणि 'ज़े' वेगळे. मराठीत दोन्हींना 'ज'. म्हणून रिजवानमध्ये झेड हवा तिथे जे बसतो. 'क़ाफ'साठी कोणी क्यू लिहितं, कोणी के.

दुसरं कारण संक्षेप. 'मो.', 'सै.', 'अ.' हे लग्नपत्रिकेत चालतं. फॉर्मवर मात्र 'अ. रहीम'चं 'ए. रहीम' होतं. अब्दुल रहीम हे जोडनाव आहे. नुसतं 'अब्दुल' लिहिलं तर अर्थही अर्धाच राहतो.

तिसरं, आपल्या खान्देशातली 'शेख सलीम शेख रहीम' ही पद्धत. फॉर्मला रकाने तीन : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कोणी शेख पहिल्या रकान्यात टाकतं, कोणी शेवटच्या. मुलींच्या नावातल्या 'बी'चंही तसंच : एका कागदावर बी-आय, दुसऱ्यावर बी-डबल ई. नवापूर, अक्कलकुवा भागात काहींचा जन्मदाखला गुजरातचा असतो, तिथलं स्पेलिंग आणखी निराळं.

एकच नमुना ठरवा

पुस्तकं छापणारे संपादक एक तक्ता ठेवतात. शब्दाचं स्पेलिंग एकदा ठरलं की शेवटच्या पानापर्यंत तेच. घरातही असंच एक पान करा. प्रत्येकाचं पूर्ण नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत, कोणता भाग कोणत्या रकान्यात तेही लिहा. पाया जन्मदाखल्याचा धरा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून तोच चालतो.

तपासायचं कसं?

ओळखीचं नाव डोळे अंदाजाने वाचतात, चूक दिसत नाही. म्हणून एकाने मूळ कागदावरचं एकेक अक्षर मोठ्याने म्हणावं, दुसऱ्याने नव्या कागदावर बोट ठेवून जुळवावं. मग शेवटच्या अक्षरापासून उलटं वाचावं. बोर्डाच्या प्री-लिस्टवर सही करण्याआधी एवढं कराच.

चूक सापडली तर

• जन्मदाखला : जिथे नोंद झाली त्या ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या निबंधकाकडे अर्ज. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15मध्ये दुरुस्तीची तरतूद आहे.
• शाळेची नोंद : मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. दाखला हातात पडल्यावर काम अवघड होतं.
• आधार : नाव आयुष्यात 2 वेळाच बदलता येतं. म्हणून आधी जन्मदाखला नीट करा, मगच आधारला हात लावा.
• नावच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी लागते. अर्ज ऑनलाइन होतो.

पालक विचारतात, "सर, शेखचं बरोबर स्पेलिंग कोणतं?" ए-आयवालंही चालतं, ई-आयवालंही. फक्त घरातल्या प्रत्येक कागदावर एकच हवं. आणि ते मुलाला पाठ हवं, म्हणजे फॉर्म भरणाऱ्याला तो स्वतःच सांगेल.