प्रकाशाची पांढर

प्रकाशाला जाणारा माणूस बहुधा देवासाठी जातो, नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसासाठी. नंदुरबारहून शहाद्याकडे निघालेली एस.टी. तापीचा पूल ओलांडते आणि उत्तर काठावरच्या या गावात थांबते. उतरणाऱ्यांत कुणाच्या हाती बेलफुलांची पिशवी असते, कुणाच्या हाती फडक्यात बांधलेला अस्थींचा कलश. केदारेश्वर, काशी विश्वेश्वर, पुष्पदंतेश्वर, संगमेश्वर, गौतमेश्वर अशी शंकराची देवळं, घाटाच्या पायऱ्या, समोर तापी आणि सातपुड्यातून येऊन तिला मिळणारी गोमाई. खानदेश या गावाला दक्षिण काशी म्हणतो. उत्तरेतली काशी करून आलेल्यानं इथं डोकं टेकवल्याशिवाय त्याची यात्रा पुरी होत नाही, अशी समजूत घरोघरी आहे.

बहुतेक लोक स्नान, दर्शन, अभिषेक उरकून दुपारच्या गाडीनं परततात. मला वाटतं, प्रकाशाला अख्खा दिवस द्यावा, आणि ऊन चढायच्या आधी देवळांकडे न वळता संगमाजवळचं मातीचं टेकाड गाठावं. या गावाची वंशावळ त्या मातीत जपलेली आहे.

तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठांवर असे उंचवटे जागोजाग भेटतात. भोवतालची कपाशीची जमीन काळीभोर आणि मधेच ही फिकट, राखाडी पांढर. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिली, मातीच्या भिंती ढासळल्या, त्यांच्यावर नव्या उठल्या, चुलीची राख, शेण, भुसा, हाडं सगळं तिथंच मुरत गेलं आणि जमीन चढत गेली. धाब्याच्या घरांवर पसरायला ही माती चांगली, म्हणून खानदेशात कित्येक पांढरी गाड्या भरभरून नेल्या गेल्या. त्या मातीबरोबर खापरं, मणी, बांगड्यांचे तुकडे कुणाकुणाच्या छपरावर जाऊन पडले असतील, याचा विचार केला तरी जीव हळहळतो.

प्रकाशाच्या पांढरीला मात्र वेळेवर जाणकार भेटला. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीनं बी. के. थापर यांनी इथं उत्खनन केलं. हेच थापर पुढे सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. त्यांचा सविस्तर अहवाल ‘एन्शंट इंडिया’ या सर्वेक्षणाच्याच नियतकालिकात आला. एकाखाली एक अशा चार वस्त्या त्यांनी ओळखल्या. सर्वांत खालची सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची.

या पहिल्या वस्तीपाशी मी रेंगाळतो, कारण सगळ्या गोष्टीची गुरुकिल्ली तिच्यात आहे. या लोकांकडे तांबं होतं, पण थोडं. रोजच्या कापण्या-सोलण्याला गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती असत. आणि भांडी! माळव्यातल्या वस्त्यांत सापडतात तशी, काळपट रंगानं नक्षी काढलेली भांडी इथं आहेत. त्याच वस्तीच्या उत्तरार्धात त्यांच्या जोडीला जोर्वे पद्धतीची भांडी येतात. जोर्वे हे संगमनेरजवळचं प्रवरेकाठचं गाव. तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी आणि बाहेर काढलेली लांब तोटी ही त्या भांड्यांची खूण. आणि त्याच मातीतून सौराष्ट्रातल्या रंगपूरशी नातं सांगणारी, घोटून चकचकीत केलेली तांबडी भांडीही निघाली. माळवा, दख्खन आणि गुजरात, तिन्हीकडची खापरं एका टेकाडात.

नकाशा समोर धरला की याचं कारण दिसतं. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिचं खोरं म्हणजे पूर्व-पश्चिम जाणारा सरळ, सपाट रस्ता. उत्तरेला सातपुडा आहे, पण त्याच्या खिंडींतून नर्मदेकडे आणि पुढे माळव्यात उतरता येतं. दक्षिणेकडून गिरणा, पांझरा, बुराई या नद्यांच्या काठाकाठानं दख्खनची वाट येते. या वाटांवरच्या माणसांना नदी ओलांडायला, थांबायला, पुरापासून वर राहायला जागा हवी होती. दोन नद्यांच्या बेचक्यातला उंच काठ त्यांना इथं मिळाला. म्हणजे देव इथं यायच्या कितीतरी आधी इथं वाटसरू आले होते.

आजही घाटावर तासभर बसलं तर कानांना हेच ऐकू येतं. शेजारी अहिराणी, पलीकडे गुजर कुटुंबाची गुजरी, धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्यांची भिलोरी आणि पावरी, सुरत-तापी भागातून आलेल्यांची गुजराती, सेंधवा-खेतियाकडच्यांची निमाडी. अंकलेश्वरहून बऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ताही याच भागातून गेला आहे. थापरांच्या खापरांतल्या दिशा आणि घाटावरच्या बोलींच्या दिशा एकच आहेत. प्रकाशाचं जुनेपण मोजायचं तर वर्षांच्या आकड्यापेक्षा हे सातत्य मला मोठं वाटतं.

वस्ती मात्र सलग नव्हती. पहिले शेतकरी गेल्यावर ही जागा बराच काळ ओस पडली. इ.स.पूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास माणसं परतली तेव्हा त्यांच्या हाती लोखंड होतं. काळी-तांबडी भांडी हा त्यांच्या रोजच्या वापराचा ऐवज. पण त्यांच्याच थरांत आणखी एक पाहुणं खापर निघालं. आरशासारखी झिलई असलेलं, काळं, पातळ. ‘उत्तरेकडील काळी झिलईदार मृत्पात्री’ म्हणून अभ्यासक ते ओळखतात. त्याचं माहेर गंगेचं खोरं, आणि काशीच्या राजघाटावरच्या उत्खननातही ते मिळालेलं आहे. गंगाकाठच्या कारागिराचं भांडं हातोहाती विकलं जात, देवाणघेवाणीत फिरत तापीकाठी पोचलं. त्या खापरानं दक्षिण काशी हे बिरुद सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही, ती श्रद्धा फार नंतरची आहे. पण गंगेकाठचं काहीतरी मौल्यवान इथवर येत होतं आणि इथल्या कुणीतरी ते जपून वापरलं होतं, ही गोष्ट मला कुठल्याही माहात्म्यकथेइतकी हलवून जाते.

तिसरी वस्ती सातवाहन आणि त्यांच्या नंतरच्या काळातली, चौथी अकराव्या शतकापर्यंतची. मग टेकाडावरचं नांदतं घर संपलं, गाव शेजारी राहिलं. आज उभी असलेली देवळं या थरांपुढे अगदी अलीकडची.

पुढच्या शतकांत वाटा थोड्या सरकल्या. सुरत आणि बऱ्हाणपूर ही मोठी पेठांची शहरं झाली आणि त्यांना जोडणारा रस्ता तापीच्या दक्षिणेकडून, नंदुरबारवरून जाऊ लागला. जहांगीर बादशहाकडे निघालेला इंग्रज वकील टॉमस रो १६१५ मध्ये याच रस्त्यानं गेला. १९०० च्या सुमारास आलेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेनंही दक्षिण काठच पत्करला: नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. कापूस, मिरची, धान्य यांचे बाजार रुळांजवळ वाढले. व्यापारी प्रकाशाला वगळून जाऊ लागला, यात्रेकरू मात्र येत राहिला. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये गौतमेश्वराच्या जत्रेची नोंद आहे: गुरू सिंह राशीत आला की, नाशिक-त्र्यंबकेश्वरप्रमाणे, दर बारा वर्षांनी इथं मोठा मेळा भरतो. पेठ होण्याची संधी गेलेल्या गावाला तीर्थानं सांभाळलं, असा या काळाचा मी अर्थ लावतो.

नदीचं रूप मात्र या शेवटच्या पिढीनं बदललेलं पाहिलं. पूर्वी उन्हाळ्यात तापी आटत जाई, वाळू उघडी पडे आणि त्या वाळूत डांगरवाड्या लागत. टरबुजं, खरबुजं, काकड्यांचे वेल पात्रातच पसरत आणि पावसाच्या आत पीक काढून मंडळी काठावर येत. आता सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथं तापीवर बॅरेज झाले आहेत. दारं बंद असली की जिथं वाळू होती तिथं पाणी भरून राहतं. वरच्या अंगाला हतनूर धरणातून विसर्ग वाढला की या बॅरेजचीही दारं उघडावी लागतात आणि काठच्या गावांना सावध केलं जातं. शहाद्याच्या शिवारातली केळी, पपई, ऊस पाहिला की साठवलेल्या पाण्याचं मोल कळतं. पण नदीच्या चढउतारावर बांधलेलं एक अख्खं जगणं, वाळूवर शेती करणाऱ्यांचं आणि डोहात जाळं टाकणाऱ्या भोयांचं, त्या पाण्याखाली आक्रसलं हेही खरं. त्याची नोंद घ्यायला थापरांसारखं कुणी आलेलं नाही. डांगरवाड्यांत राबलेली म्हातारी माणसं अजून भेटतात. वाळूचे वाटे कसे पडत, आळी किती खोल घेत, माल कुठल्या बाजारी जाई, हे त्यांना विचारून लिहून ठेवायचं काम शहादा-नंदुरबारच्या महाविद्यालयांतली मुलं एका सुट्टीत करू शकतील.

आणि पांढरीचंही एक मागणं आहे. सिंहस्थ आला की घाटांची डागडुजी होते, रस्ते रुंदावतात, मंडप पडतात, वाहनतळांसाठी जागा सपाट केल्या जातात. ही सगळी कामं व्हावीत, येणाऱ्या माणसाची नीट सोय व्हावी. फक्त यंत्र लावण्याआधी टेकाडाची हद्द आखून घ्यावी आणि तिच्या आतली एक घमेलं मातीही हलवू नये. गावातल्या शाळेत एका कपाटात माळव्याचं, जोर्व्याचं आणि गंगाकाठचं अशा तिन्ही जातींच्या खापरांच्या प्रतिकृती ठेवल्या, तर दर्शनाला आलेल्या माणसाला त्या दाखवून टेकाडाकडे घेऊन जायला प्रकाशाची पोरंच पुरेशी आहेत.