मेनिनचे बारसे

'मेनिन' या प्रथिनाचे नाव बारशालाच चुकले, असे माझे मत आहे. 1997 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या संशोधकांनी अकराव्या गुणसूत्रावरचे, हे प्रथिन बनवणारे जनुक हुडकून 'सायन्स'मध्ये जाहीर केले. लेखकांच्या यादीत पहिले नाव चंद्रशेखरप्पा यांचे. ज्या घराण्यांत हे जनुक बिघडलेले असते, तिथे पॅराथायरॉइड, पिट्युटरी आणि स्वादुपिंडातल्या संप्रेरक-पेशींत पिढ्यान्‌पिढ्या गाठी होतात. या आजाराचे नाव 'मल्टिपल एंडोक्राइन निओप्लेझिया'. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचे 'मेन' झाले, प्रथिनांच्या नावात नेहमी येणारे 'इन' त्याला चिकटले आणि मेनिन तयार झाले. गावात चोऱ्या होतात म्हणून वेशीवरच्या पहारेकऱ्यालाच 'चोर' म्हणावे, तशातला हा प्रकार.

पहारेकरी कशावरून? पुरावा जनुक सापडण्याआधीचाच आहे. 1988 मध्ये स्वीडनच्या लार्सन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या इन्शुलिन स्रवणाऱ्या गाठी तपासल्या. आईवडिलांपैकी एकाकडून आलेली बिघडलेली प्रत तर तिथे होतीच. दुसऱ्याकडून आलेली चांगली प्रत मात्र गाठीतल्या पेशींतून गायब होती. म्हणजे गाठ होते ती मेनिन असल्यामुळे नव्हे, ते उरत नाही म्हणून. गाठ झाली, तरी पेशी आपला धंदा विसरत नाही. 1927 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरलेल्या एका रुग्णाची हकिगत छापली. यकृतातल्या त्या गाठींच्या अर्काचा परिणाम इन्शुलिनसारखाच होता. रक्तातली साखर घसरून माणूस घामाघूम होतो, बरळतो, बेशुद्ध पडतो, तरी गाठ इन्शुलिन ओतत राहते.

यावर कोणी म्हणेल, मेनिन तर जवळपास सगळ्याच पेशींत असते, मग गाठी मोजक्या ठिकाणीच का? आक्षेप रास्त आहे. उंदरांच्या यकृतातून हे जनुक काढून टाकले, तरी तिथे गाठी झाल्या नाहीत. पण एकच पहारा प्रत्येक वेशीवर सारखाच महत्त्वाचा असतो, असे कुठे आहे? स्वादुपिंडाच्या बेटांत, म्हणजे संप्रेरक-पेशींच्या पुंजक्यांत, मेनिन डीएनए गुंडाळणाऱ्या प्रथिनांवर खुणा करवून पेशीविभाजन रोखणारी जनुके जागी ठेवते. यकृताची भिस्त बहुधा दुसऱ्या कोणावर असावी. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. 2011 मध्ये स्वादुपिंडातल्या संप्रेरक-पेशींच्या, घराण्याचा वारसा नसलेल्या 68 गाठी तपासल्या, त्यांतल्या 44 टक्क्यांत हे जनुक बिघडलेले निघाले. पण इन्शुलिन स्रवणाऱ्या गाठी त्यांत नव्हत्या. वारशाविना होणाऱ्या तशा गाठींत 'वायवाय1' या जनुकातला एका अक्षराचा बदल बऱ्याचदा सापडतो, आणि तिथे एकच प्रत बिघडली तरी भागते. तेव्हा सगळ्या गाठींचे खापर मेनिनच्या गैरहजेरीवर फोडता येत नाही, हे मान्य.

नाव ठेवताना मेनिनचे नेमके काम कोणाला ठाऊक होते, असेही म्हणता येईल. खरे आहे, ते पुढे हळूहळू कळत गेले. 2007 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसले, की उंदरीण गाभण असताना तिच्या बेटांतले मेनिन आपोआप घटते, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी वाढतात आणि वाढीव इन्शुलिनची गरज भागते. व्यायल्यावर मेनिन पूर्वपदावर येते. काही उंदरिणींच्या बीटा पेशींत त्यांनी मेनिन मुद्दाम चढेच ठेवले. त्यांची बेटे वाढली नाहीत आणि त्यांना गरोदरपणातला मधुमेह झाला.