रत्नागिरीचे दोन कैदी आणि अमेरिकेची घटना

अमेरिकन पोलिसांच्या वेब सिरीज पाहणाऱ्याला एक प्रसंग पाठ असतो. संशयिताला बेड्या पडतात आणि पोलीस सांगू लागतो, तुला गप्प राहण्याचा हक्क आहे, वकिलाचा हक्क आहे, वकील परवडत नसेल तर सरकार देईल. कोठडीतल्या चौकशीआधी हे सांगायलाच हवं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली मिरांडा नावाच्या आरोपीच्या प्रकरणात ठरवलं.

आपल्याकडे असं काही आहे का? मी रत्नागिरीचा आहे, आणि या प्रश्नाचा निम्मा इतिहास माझ्या गावातच सापडतो.

थिबा पॉइंटवर संध्याकाळी रील काढणाऱ्यांची गर्दी असते. ज्याच्या नावाचा हा पॉइंट, त्या थिबा राजाला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५मध्ये मंडालेत पकडलं. ब्रह्मदेशाचं राज्य खालसा केलं, त्याला आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. डिसेंबर १९१६मध्ये तो इथेच वारला.

या ३० वर्षांत त्याच्यावर एकही खटला चालला नाही. त्याला तनखा होता, नोकरचाकर होते, १९१०च्या सुमारास राजवाडाही बांधून मिळाला. पण आरोप काय, शिक्षा किती, सुटका कधी, हे विचारायला दार नव्हतं. तो सरकारला अर्ज लिहायचा. ज्याने डांबलं, त्याच्याकडेच दाद मागायची.

अमेरिकेच्या घटनेची मूळ युक्ती समजायला मला हेच उदाहरण सगळ्यात सोपं वाटतं. १७८७ साली लिहिलेल्या त्या घटनेने सत्तेचे तीन तुकडे केले. काँग्रेस कायदे करणार, राष्ट्राध्यक्ष ते राबवणार आणि न्यायालय निवाडा करणार. म्हणजे कोंडणारा एक आणि कोंडणं बरोबर की चूक हे ठरवणारा दुसरा. त्याच घटनेत हेबियस कॉर्पसला संरक्षण आहे. कैदेतल्या माणसाला न्यायाधीशापुढे आणा आणि कशासाठी धरलं ते सांगा, असा हा हुकूम. बंड किंवा परचक्र असेल आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज असेल, तरच तो थांबवता येतो. १७९१ साली पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या. भाषणाचं स्वातंत्र्य, ज्युरीपुढे खटला, वकिलाची मदत, कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कोणाचं स्वातंत्र्य न हिरावणं, हे सगळं त्यांत आहे.

पण खटला झाला म्हणजे न्याय झाला, असंही नाही. आमच्या टिळक आळीत १८५६ साली जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांवर मुंबई हायकोर्टात जुलै १९०८मध्ये राजद्रोहाचा खटला चालला. वकील होते, ज्युरी होती, ‘केसरी’तले लेख पुरावा म्हणून वाचले गेले. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन भारतीय होते. निकाल लागला सात विरुद्ध दोन. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळकांना नेलं मंडालेला. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा पुढारी मंडालेत!

अमेरिकेच्या फेडरल कोर्टात दोषी ठरवायला ज्युरीचं एकमत लागतं. सात-दोनवर तिथे कोणाला तुरुंगात धाडता आलं नसतं. मग टिळक तिथे सुटले असते का? घाई नको. युजीन डेब्स या अमेरिकन समाजवादी पुढाऱ्याला १९१८ साली युद्धविरोधी भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. भाषणस्वातंत्र्याची दुरुस्ती तेव्हा सव्वाशे वर्षांची होती. १९४२पासून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना खटल्याविना छावण्यांत कोंडलं गेलं. त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिक होते. म्हणजे थिबाचीच गत, आणि तीही लेखी हक्क असलेल्या देशात.

ही घटना जवळून पाहिलेला एक माणूस आमच्याच जिल्ह्याच्या मुळाचा. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूचा, पण घराण्याचं गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे घटना समितीत ते म्हणाले की घटनेतलं सर्वांत महत्त्वाचं कलम कोणतं असं विचारलं, तर मी हेच दाखवीन. आजचं ३२वं कलम. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क. हेच ते दार, जे थिबाला नव्हतं.

मात्र अमेरिकेची ‘रीतसर प्रक्रिया’ आपण जशीच्या तशी घेतली नाही. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव १९४७च्या शेवटी अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. या शब्दांच्या आधारे न्यायाधीश लोकप्रतिनिधींचे सुधारणेचे कायदे पाडतात, असा इशारा त्यांना मिळाला. तसं घडलंही होतं. बेकरी कामगारांचे तास मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा १९०५ साली रद्द झाला होता. कोकणच्या माणसाला ही भीती लगेच कळेल. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. असा कायदा झाल्यावर तो कोर्टाने पाडला असता, तर कूळ पुन्हा खोताच्या दारात!

म्हणून २१व्या कलमात शब्द आले, ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’. त्यात धोका होता. विधिमंडळाने वाईट कायदा केला तर? हा धोका ओळखून आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९मध्ये अटकेविषयीचं वेगळं कलम आणलं. तेच आजचं २२वं. अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे २०व्या कलमात आहे. वेब सिरीजमधल्या त्या संवादाला आपलं उत्तर हे आहे.

दार असूनही ते बंद झालं. आणीबाणीत, एप्रिल १९७६मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की स्थानबद्धांना हेबियस कॉर्पस मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना होते. १९७८ साली मनेका गांधी प्रकरणात कोर्टाने कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे असं म्हटलं. रावांनी वगळलेला अर्थ असा मागच्या दाराने परत आला. १९७६चा निकाल चूक होता, हे कोर्टाने २०१७ साली स्पष्ट म्हटलं. तोवर ४१ वर्षं गेली होती.

आणि २२वं कलम शेवटपर्यंत वाचा. प्रतिबंधक स्थानबद्धतेत २४ तासांचा नियम लागू होत नाही. गुन्हा करशील या शंकेवर, खटल्याविना, सल्लागार मंडळापुढे न नेताही तीन महिन्यांपर्यंत ठेवता येतं. ही तरतूद आजही आहे आणि वापरली जाते. घटना तुमच्या फोनवर मराठीत मोफत मिळते. २०, २१, २२ आणि ३२ ही चार कलमं वाचायला दहा मिनिटं लागतात. कधी तुमच्या ओळखीच्या कोणाला पोलीस घेऊन गेले, तर विचारायचं ते हेच. कुठल्या कायद्याखाली धरलं, आणि मॅजिस्ट्रेटपुढे कधी नेणार?