जागं ठेवण्याचा सल्ला

सटाण्यात लिनक्स वापरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच, पण एका बाबतीत त्यांचं एकमत आहे. मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये आपण जी जादा कार्डं बसवतो, नेटवर्कचं, डिस्कचं, ग्राफिक्सचं, त्यांची वीजबचत चालू करायची नाही. केली तर यंत्र मध्येच गोठतं, नेटवर्क तुटतं, लॉगमध्ये चुकांच्या ओळींचा पाऊस पडतो. आणि एवढं सोसून वाचतं काय, तर अर्धा-एक वॅट. म्हणून यंत्र हाती आलं की आधी बूटच्या ओळीत ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ लिहायचं, बाकीचं मग. नाशिक-पुण्याच्या जाणकारांकडूनही मी हेच ऐकलं आहे. मी स्वतः ही ओळ दोन वर्षं बाळगली.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला की खंडन फार सोपं जातं, म्हणून तो पुऱ्या ताकदीने मांडतो. पहिलं म्हणणं, बचत क्षुल्लक आहे. दुसरं, झोपलेलं कार्ड जागं व्हायला वेळ लागतो, म्हणजे यंत्र मंदावतं. तिसरं, ज्यांनी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला त्यांनीच ही सोय जपून, बऱ्याच ठिकाणी बंद ठेवली. आपण कोण शहाणे? आणि चौथं, सगळ्यांत वजनदार: ‘ऑफ’ लिहिल्यावर चुका थांबतात, हे ज्याने त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रत्यक्षाला प्रमाण कशाला?

आधी माझी गरज सांगतो, नाहीतर हा सगळा रिकामपणाचा उद्योग वाटेल. मळ्यातल्या घरात एक जुना डेस्कटॉप चोवीस तास चालतो. द्राक्षबागेतल्या हवामानयंत्राच्या नोंदी तो घेतो आणि चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवतो. त्यात दोन कार्डं वरून बसवलेली, एक कॅमेऱ्यांच्या नेटवर्कसाठी, दुसरं डिस्कसाठी. आमच्याकडे अर्ली छाटणी, म्हणजे ऐन पावसाळ्यात बाग फुटलेली असते, आणि पानं किती तास ओली राहिली यावर डाऊनी रोगावरची फवारणी ठरते. त्या नोंदीत खंड पडून चालत नाही. आणि पावसाळ्यातच मळ्यातली वीज जास्त जाते. मग सगळा भार इन्व्हर्टरवर. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर अठराशे वॅट-तास देते. भार पन्नास वॅट असेल तर छत्तीस तास, चाळीस असेल तर पंचेचाळीस. बॅटरी जुनी, इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, त्यामुळे दोन्ही आकडे प्रत्यक्षात बरेच खाली येतात. पण रात्री अडीच वाजता यंत्र बंद पडणं आणि पहाटे वीज येईपर्यंत तग धरणं, यातलं अंतर तेवढ्यात असतं. ज्याला हे कळत नाही त्याने दहा वॅट चोवीस तास वर्षभर, असा गुणाकार करावा: साडेसत्त्याऐंशी युनिट.

पण दहा वॅट आले कुठून, बचत तर अर्ध्या वॅटची होती? इथेच पहिलं म्हणणं ढासळतं. त्यासाठी पीसीआय एक्सप्रेसची लिंक म्हणजे काय ते जरा जवळून पाहावं लागेल. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातली ही तार बोलायला काही नसतानाही गप्प बसत नाही. दोन्ही टोकं लय सुटू नये म्हणून पूर्ण वेगाने निरर्थक चिन्हं एकमेकांकडे फेकत राहतात. अगदी पहिल्या पिढीच्या लिंकवरसुद्धा सेकंदाला अडीच अब्ज बिट. बाजार समितीत समोर कांद्याचं एकही वाहन नाही आणि तरी पुकारा करणारा घसा फोडून बोली पुकारतोच आहे, असं समजा. एएसपीएम म्हणजे या पुकाऱ्याला गप्प बसायची परवानगी. ‘एल-शून्य-एस’ ही डुलकी, एका बाजूपुरती. ‘एल-एक’ ही दोन्ही बाजूंची खरी झोप. पुढे २०१२ मध्ये तिच्या पोटात आणखी दोन गाढ पायऱ्या आल्या, ज्यांत लिंक जवळजवळ विझतेच.

ती गप्प बसली की तारेचं वाचतं ते थोडंच, हे कबूल. खरा लाभ प्रोसेसरचा. आजकालचा प्रोसेसर काम नसलं की पायरी-पायरीने खोल झोपेत उतरतो. पण पूर्ण चिप गाढ झोपायची तर तिला जोडलेल्या लिंकही झोपलेल्या लागतात. एक जागी असली तरी चिप वरच्याच पायरीवर ताटकळते. ‘पॉवरटॉप’ चालवून पहिल्या रकान्यात, पॅकेजच्या, पाहा. माझ्या यंत्रावर खोल पायऱ्यांसमोर दोन वर्षं ठणठणीत शून्य होतं. एकेका कोअरच्या रकान्यात मात्र नव्वदच्या वर टक्के झोप. म्हणजे घरातली सगळी माणसं अंथरुणात, आणि घर मात्र दिवे लावून उघडं, कारण एक पाहुणा अजून ओसरीवर गप्पा मारतोय. अर्धा वॅट हा त्या पाहुण्याचा चहा झाला. दिव्यांचा हिशेब कुणी करतच नाही. सगळ्याच यंत्रांत दहा वॅट सुटतात असं मी म्हणत नाही, काहींत दोन-तीनवरच थांबतं. पण नुसत्या कार्डाकडे बघून ‘क्षुल्लक’ म्हणणं म्हणजे चुकीच्या रकान्यात बघणं.

मंदावण्याच्या आक्षेपाला फार वेळ देत नाही. ‘एल-एक’मधून उठायला माझं कार्ड जास्तीत जास्त चौसष्ट मायक्रोसेकंद लागतील असं स्वतःच सांगतं. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं पाठवतो, म्हणजे दोन चित्रांत चाळीस हजार मायक्रोसेकंदांचं अंतर. शेअर बाजारात यंत्राने सौदे करणाऱ्यांनी काळजी करावी, आमच्या बागलाणातल्या मळ्याने नाही.

तिसरा आक्षेप इतिहासाचा, आणि तो इतिहास मजेदार आहे. लिनक्समध्ये एएसपीएमची सोय आली २००८ मध्ये, २.६.२६ या कर्नलबरोबर. आता प्रत्येक मदरबोर्डचा बायोस कर्नलला एक तक्ता देतो आणि त्यात एक खूण असू शकते, ‘या यंत्रात एएसपीएमचं नियंत्रण करू नये’. २०११ च्या मार्चमधल्या २.६.३८ मध्ये कर्नलवर काम करणारे मॅथ्यू गॅरेट यांच्या बदलामुळे कर्नल या खुणेचा शब्दशः अर्थ लावू लागला: नको म्हटलंय ना, मग जे चालू असेल तेही बंद. बायोसने स्वतः झोपेची जी व्यवस्था लावून दिली होती तीही पुसली गेली आणि लॅपटॉपांच्या बॅटऱ्या भराभर उतरू लागल्या. फोरोनिक्स या संकेतस्थळाचे मायकल लॅराबेल यांनी त्या उन्हाळ्यात कर्नलच्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत हा बदल हुडकून काढला. वर्षअखेरीस गॅरेट यांनीच दुरुस्ती दिली. विंडोज अशा यंत्रांत काय करतं यावरून त्यांच्या ध्यानात आलं होतं, की खुणेचा अर्थ ‘बंद करा’ असा नसून ‘आहे तसं राहू द्या’ असा आहे. ३.३ या कर्नलपासून ते रूढ झालं.

वरून आलेला कागद अक्षरशः पाळावा की त्यामागचा हेतू ओळखावा, हा प्रश्न सटाण्याला नवा नाही. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी खुला करणाऱ्या मामलेदाराचं, यशवंतराव भोसेकरांचं, देऊळ आमच्या गावात आहे. ते असो. मुद्दा इतकाच, की कर्नलवाल्यांनी विचार करून ही सोय बंद ठेवली असं नाही. ते चुकले, त्यांनी ती चूक मोकळेपणी मान्य केली आणि सुधारली. लोकांच्या मनात मात्र २०११ चा अर्धाच भाग उरला.

आता त्या ओळीकडे. ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ याचा अर्थ एएसपीएम बंद, असा नाहीच. कर्नलच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय: एएसपीएमला हातच लावू नका, बायोसने जे ठेवलं असेल ते तसंच राहू द्या. बायोसने एखादी लिंक झोपती ठेवली असेल तर ती झोपतच राहणार. आणि हे एवढ्यावर थांबत नाही. काही चिपचे ड्रायव्हर आपली चिप झोपेत बिघडते हे ओळखून तिची झोप स्वतःहून बंद करतात. ‘ऑफ’ लिहिलेलं असेल तर कर्नल त्यांनाही अडवतो आणि लॉगमध्ये नोंद करतो, की एएसपीएम बंद करता येत नाही, कारण नियंत्रण आपल्याकडे नाही. म्हणजे ज्याने ‘बंद’ म्हणून लिहिलं, त्याने बंद करण्याचा अधिकार सोडून दिला. खरंच सगळं बंद हवं असेल, तर धोरणाच्या फाइलीत ‘परफॉर्मन्स’ लिहावं लागतं. पण ‘ऑफ’च्या राज्यात ती फाइलसुद्धा लिहू देत नाही. लिनक्सच्या या प्रांतात नावांवर जाऊ नये हेच खरं. शेजारीच कार्डाच्या स्वतःच्या झोपेचा वेगळा स्विच आहे, त्यात ‘ऑन’ लिहिलं की बचत बंद होते आणि ‘ऑटो’ लिहिलं की चालू.

मग चौथ्या आक्षेपाचं काय? ओळ लिहिली आणि चुका थांबल्या, हे माझ्या घरीही घडलं. डिस्कच्या कार्डाने लॉग भरून टाकला होता, ‘दुरुस्त झालेली चूक’, मिनिटाला कित्येक. ओळ लिहिली, यंत्र पुन्हा चालू केलं, लॉग शांत. दोन वर्षं मी त्या शांततेवर खूश होतो. नंतर कळलं ते असं: ‘ऑफ’ म्हटल्यावर कर्नल बायोसकडे पीसीआय एक्सप्रेसचा ताबा मागतच नाही, आणि त्या ताब्यातच चुकांची नोंद घेण्याचा हक्क असतो. चुका होतच होत्या. तक्रारवही तेवढी टेबलावरून उचलली होती.

मागच्या उन्हाळ्यात, छाटणीच्या आधी, कार्ड उपसून पाहिलं. सोनेरी पट्ट्यांवर तपकिरी पापुद्रा, स्लॉटमध्ये बारीक धूळ. कांद्याची चाळ भरताना उडते तशी, बोटाला चिकटणारी. पोराच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घेतला आणि पट्ट्या हलक्या हाताने पुसल्या, दोन्ही बाजूंनी. खोडरबर काळा पडला. चुरा ब्रशने झटकला, कार्ड नीट दाबून बसवलं, ‘ऑफ’ची ओळ काढली आणि ‘एल-एक’ चालू केलं. लॉग पुन्हा शांत, पण या वेळी वही टेबलावर होती.

झोपेतून उठताना लिंकला लय नव्याने धरावी लागते. संपर्क मळका असेल तर ती तिथेच अडखळते. सतत जागी ठेवली तर अडखळणं कमी दिसतं. न्यायशास्त्रातला जुना दाखला आहे: जिथे अग्नी तिथे धूर, ही व्याप्ती खोटी, कारण धुराला ओलं सरपण लागतं. ते सरपण म्हणजे उपाधी. ‘जिथे एएसपीएम तिथे चुका’ या व्याप्तीतही उपाधी लपलेली आहे, आणि माझ्या बाबतीत ती दहा रुपयांच्या खोडरबराने निघाली. प्रत्यक्ष प्रमाण खरंच. पण लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं ते लॉगचं मौन. लिंक पाहिलीच नाही.

म्हणून सगळंच चालू करावं, असं म्हणणाऱ्यांच्याही पंगतीला मी बसणार नाही. रिअलटेकच्या बऱ्याच नेटवर्क चिप ‘एल-एक’मध्ये खरोखर अडतात आणि लिनक्सच्या ड्रायव्हरने ती झोप कधी चालू, कधी बंद असं करत अखेर बऱ्याच ठिकाणी बंदच ठेवली आहे. इंटेलच्या ८२५७४ या चिपबाबतही तसंच. बूटच्या त्याच ओळीत ‘ऑफ’ऐवजी लिहिता येणाऱ्या ‘फोर्स’ या शब्दापुढे तर दस्तऐवजातच इशारा आहे, की यंत्र गोठू शकतं. जी उपकरणं ही सोय जमत नाही म्हणतात त्यांच्यावरही तो ती लादतो. ‘ऑफ’ आणि ‘फोर्स’ ही एकाच आळसाची दोन टोकं, सगळ्या यंत्राला एकच हुकूम. झोप ही यंत्राची नसते, लिंकची असते. २०२० च्या आरंभी आलेल्या ५.५ या कर्नलपासून ज्या लिंकवर कर्नलचा ताबा आहे, तिच्यासाठी वेगळी फाइल मिळते. त्यात एक किंवा शून्य लिहायचं, एवढंच. त्याआधी माणसं थेट रजिस्टरमध्ये आकडे कोंबायची आणि बहुतेक वेळा फक्त कार्डाच्या बाजूला. टाळी एका हाताने वाजत नाही: ‘एल-एक’ आधी मदरबोर्डच्या पोर्टवर चालू व्हावं लागतं, मग कार्डावर. क्रम उलटा झाला किंवा एक बाजू राहिली, आणि यंत्र गोठलं, तरी बोल एएसपीएमलाच.

मी एका दिवशी एकच लिंक चालू केली आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत पुढचीला हात लावला नाही. ‘एलएसपीसीआय’ प्रत्येक कार्डापुढे दोन ओळी दाखवतं, त्याला काय जमतं ती एक आणि आत्ता काय चालू आहे ती दुसरी. डिस्कचं कार्ड पहिल्या रात्री, कॅमेऱ्यांचं दुसऱ्या. मदरबोर्डवरची नेटवर्क चिप रिअलटेकची निघाली, तिच्या ड्रायव्हरने झोप बंद ठेवली होती. ती मी तशीच राहू दिली. तिच्यामुळे सगळ्यात खोल पायरी मिळत नाही. त्या पायरीच्या लगेच वरच्या पायरीसमोर मात्र आता शून्य नसतं.

हे सगळं ज्यांना सांगितलं त्यांतल्या एका मित्राने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, “तुझं चाललं ना? माझं ‘ऑफ’वर छान चाललंय, लॉगमध्ये एक ओळ नाही.” त्याचं दुकान बसस्टँडजवळ, रस्त्याला लागून, यंत्र काउंटरखाली. येत्या रविवारी त्याच्याकडे जाणार आहे. खोडरबर खिशात टाकलाय.