भडोचच्या बंदरातील दोन अंजने

मराठीत ‘डोळ्यांत अंजन घालणे’ हा आता केवळ वाक्प्रचार उरला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मात्र अंजन हा जहाजांतून येणारा-जाणारा माल होता. त्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एका अनामिक व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत बॅरिगाझा, म्हणजे आजचे भडोच, या बंदरातील मालाची यादी आहे. आयातीत मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी यांच्या जोडीला ‘स्टिमी’ हे काळे खनिज आहे. निर्यातीत जटामांसी, हस्तिदंत, गोमेद यांच्यासोबत ‘लिकिऑन’ नावाचा एक घट्ट अर्क आहे. दोन्ही डोळ्यांत घालण्याचे पदार्थ. एक भारतात उतरत होता आणि दुसरा भारताबाहेर निघाला होता. त्या देवघेवीचा हा धागा.

भडोचच्या या बाजारपेठेचा महाराष्ट्राशी थेट संबंध होता. पेरिप्लसकाराच्या मते पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर होते आणि तेथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणचे गोमेद आणि तेरचे सुती कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला आणले जाई. कल्याणचे बंदर जवळ होते. पण त्या काळी तेथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही तो नोंदवतो. तेव्हा घाटावर येणारा परदेशी मालही याच वाटेने वर चढत असणार, हा तर्क अवाजवी नाही.

डोळ्यांसाठी दोन वेगळ्या वस्तू का लागत, याचे उत्तर आयुर्वेदाच्या दिनचर्येत सापडते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आणि पुढे साधारण सातव्या शतकातील वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सौवीरांजन रोज लावावे असे सांगितले आहे. रसांजन मात्र अधूनमधून: चरकाच्या मते पाचव्या किंवा आठव्या रात्री, वाग्भटाच्या मते सातव्या. कारणही दिले आहे. डोळा तेजोमय आहे, म्हणून त्याला कफाचे विशेष भय. तो साचलेला कफ पाण्यावाटे वाहून जावा यासाठी रसांजन. एक रोजचे, सौम्य. दुसरे झोंबणारे, डोळ्यांतून पाणी काढणारे. असले तीक्ष्ण अंजन दिवसा घालू नये, अशी चरकाची ताकीद आहे, कारण पाणी वाहून दुबळा झालेला डोळा उन्हात त्रासतो. नाजूक डोळ्याला उजेड सहन होत नाही, हे निरीक्षण कोणत्याही सिद्धान्तावाचून पटण्यासारखे आहे.

नेत्ररोगांचा खरा विस्तार सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. तेथे डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत. त्यांच्या कारणांची यादी आजच्या वाचकाला थबकायला लावणारी आहे: उन्हात तापलेल्या अंगाने पाण्यात शिरणे, सतत दूरवर पाहणे, झोपेच्या वेळा उलटसुलट होणे, अखंड रडणे, धूर, अश्रू दाबून धरणे आणि बारीक वस्तूंकडे टक लावून पाहणे. हस्तलिखिते उतरवणारे लेखक, मणी कोरणारे कारागीर, चुलीपुढे बसलेल्या स्त्रिया, सारेच या यादीत कोठे ना कोठे बसतात. (रात्री दोन वाजता मोबाइलवर हा धागा वाचणारेही.)

या ७६ रोगांपैकी एकाचे नाव शुष्काक्षिपाक. डोळा आकसून मिटलेला, पापण्या कठीण आणि रुक्ष, पाहताना गढूळ दिसणे आणि उघडताना फार कष्ट, असे त्याचे वर्णन आहे. उपचार आहे तो बहुतांशी स्निग्धतेचा. तूप पिण्यास द्यावे, नाकात अणुतैल घालावे, थंड दुधात सैंधव मिसळून त्याची धार डोळ्यांवर धरावी. सैंधव, देवदार, सुंठ, महाळुंगाचा रस आणि तूप हे अंगावरच्या दुधात किंवा पाण्यात मिसळून त्याचे अंजन करावे.

आणि तर्पण. हा विधी सुश्रुताने इतक्या बारकाईने सांगितला आहे की वाचताना खोली डोळ्यांपुढे उभी राहते. वारा, ऊन आणि धूळ नसलेल्या घरात रुग्णाला उताणे निजवायचे. उडदाच्या पिठाचा गोळा भिजवून डोळ्याभोवती गोल पाळ बांधायची, भक्कम आणि सारख्या उंचीची. गरम पाण्यात ठेवून पातळ केलेले तूप त्या पाळीत पापण्यांचे केस बुडेपर्यंत ओतायचे. मग मोजत राहायचे: निरोगी डोळ्याला पाचशे मात्रा, कफाच्या विकारात सहाशे, पित्तात आठशे, वातात हजार. मात्रा म्हणजे एक अक्षर उच्चारण्यास लागणारा वेळ. घड्याळ नसलेल्या काळात वैद्य शेजारी बसून अक्षरे मोजत असे. शेवटी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून तूप काढून घ्यायचे आणि शिजवलेल्या जवाच्या पिठाने डोळा स्वच्छ करायचा. ढगाळ दिवशी, अति उन्हाळ्यात किंवा कडक थंडीत हे करू नये, हेही सांगून ठेवले आहे.

वाग्भटाकडे आणखी एक कल्पना आहे. तळपायांच्या मध्यातून दोन मोठ्या शिरा डोळ्यांपर्यंत जातात, म्हणून पाय धुणे, त्यांना तेल लावणे आणि पादत्राणे वापरणे डोळ्यांना हितकर, असे तो म्हणतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने अशा शिरा नाहीत. तरीही डोळ्यांची आग झाली की तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवण्याची मराठी घरांतील रीत या कल्पनेच्या किती जवळची आहे!

येथे एक मोह आवरायला हवा. शुष्काक्षिपाक म्हणजेच आजचा ‘ड्राय आय’, आणि म्हणून सारे शोध आधीच लागले होते, असे समीकरण समाजमाध्यमांवर वारंवार मांडले जाते. वर्णनांतील साम्य खरे आहे. पण अश्रू किती तयार होतात हे मोजण्याची कल्पना सुश्रुतापाशी नाही. ती १९०३ साली जर्मन वैद्य ओटो शिर्मर यांनी मांडली: खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवायची आणि ती किती ओली होते ते पाहायचे. कोरडे डोळे आणि कोरडे तोंड हा सांध्यांच्या आजारासह येणारा शरीरव्यापी विकार असू शकतो, हे स्वीडनचे हेन्रिक शेग्रेन यांनी १९३३ च्या प्रबंधात दाखवले. सुश्रुताचे श्रेय वेगळे आहे. कोरडेपणा हा एक स्वतंत्र त्रास आहे हे त्याने ओळखले, आणि अशा डोळ्याला तीक्ष्ण औषधाने आणखी न छळता तूप व दूध यांकडे वळवले. अर्थात निर्जंतुक न केलेले तूप आज घरच्या घरी डोळ्यांत ओतणे धोक्याचेच.

अधिक अवघड प्रश्न रोजच्या अंजनाचा आहे. सौवीरांजन म्हणजे नेमके काय? अनेक अभ्यासक ते अँटिमनीचे सल्फाइड मानतात, काही शिशाचे. दोन्ही खनिजे काळसर आणि चकचकीत. कुटल्यावर डोळ्यांना फरक कळणे कठीण. ग्रीक ‘स्टिमी’ या शब्दाचीही तीच कथा. प्राचीन इजिप्तमधील काजळाच्या भांड्यांत उरलेल्या पुडीचे रासायनिक विश्लेषण झाले, तेव्हा तिच्यात मुख्यतः शिशाचे सल्फाइड निघाले. २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांनी असेही दाखवले की त्या काजळातील काही शिसेयुक्त क्षार अत्यल्प प्रमाणात पेशींची संरक्षक प्रतिक्रिया चेतवू शकतात. या बातमीचा पुढे ‘प्राचीनांचे काजळ औषधीच होते’ असा सरसकट अर्थ लावला गेला. तो टिकत नाही. प्रयोग पेशींवरचा होता. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो. आजही बाजारातील कित्येक सुरम्यांत शिसे सापडते, आणि अमेरिकेत काजळ-सुरम्याला सौंदर्यप्रसाधनातील रंगद्रव्य म्हणून परवानगीच नाही.

म्हणून काजळ आणि सुरमा यांत भेद करणे आवश्यक ठरते. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे ताम्हन उपडे धरून त्यावर जमलेली काजळी तुपात खलायची, हे घरगुती काजळ मूलतः कोळसा आहे, शिसे नव्हे. आजचे डॉक्टर तेही बाळाच्या डोळ्यांत घालू देत नाहीत, कारण बोट आणि धूळ दोन्ही त्याबरोबर आत जातात. तरी विषाचा आरोप त्याच्यावर येत नाही. ‘आजीचे काजळ’ आणि खनिजाची पुडी यांना एकाच नावाने गौरवणे किंवा एकाच नावाने झोडपणे, दोन्ही चूक.

आता भडोचहून बाहेर गेलेल्या पदार्थाकडे वळू. प्लिनी लिहितो की भारतीय लोक लिकिऑन उंटाच्या किंवा गेंड्याच्या कातड्याच्या बुधल्यांत भरून पाठवतात. ही कोणती वनस्पती, हा घोळ शतकानुशतके चालला. तो १८३३ मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल यांनी सोडवला. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेल्या रॉयल यांना तेथील बाजारांत विकला जाणारा रसोत ठाऊक होता. दारुहळदीचा काढा आटवून केलेला हा पिवळट-काळा अर्क लोक डोळे आल्यावर पापण्यांना लावत. रसोत म्हणजेच संस्कृत ग्रंथांतील रसांजन आणि तोच ग्रीकांचा भारतीय लिकिऑन, असे त्यांनी मांडले. त्यातील बर्बेरीन या पिवळ्या द्रव्याचा जंतुनाशक गुण पुढे प्रयोगशाळेतही दिसून आला.

ग्रीक जगतात लिकिऑन अगदी लहान कुप्यांतून विकले जाई. अशा कुप्या उत्खननांत सापडल्या असून त्यांवर औषधाचे आणि वैद्याचे नाव उमटवलेले आहे. क्लोरोफॉर्ममुळे प्रसिद्ध झालेले एडिंबरोचे जेम्स सिम्प्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांवर सविस्तर लेखन केले. आतला अर्क आशिया मायनरमधील लिकियाचा की भारतातला, हे कुपीवर लिहिलेले नाही. काही कुप्या मातीच्या आहेत, आणि काही शिशाच्या.