आफ्रिकन फुटबॉल महासंघ
आफ्रिकन फुटबॉल महासंघ (संक्षेपाने 'कॅफ') ही आफ्रिका खंडातील फुटबॉलची सर्वोच्च नियामक संस्था असून ५४ राष्ट्रीय संघटना तिच्या पूर्ण सदस्य आहेत. तिचे मुख्यालय इजिप्तमध्ये कैरोनजीक आहे. इजिप्त, सुदान, इथियोपिया व दक्षिण आफ्रिका यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये खार्टूम येथे तिची स्थापना केली. त्याच महिन्यात तेथेच पहिली आफ्रिकी चषक स्पर्धा झाली. परंतु मिश्रवर्णीय संघ पाठविण्यास नकार देणारी दक्षिण आफ्रिका, संस्थापक सदस्य असूनही, तीत खेळली नाही. फिफाने तिला निलंबित केले ते १९६१ साली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९६६ च्या विश्वचषकात आफ्रिकेला एकही थेट जागा नसल्यामुळे सदस्य देशांनी पात्रता फेरीवर बहिष्कार घातला. १९७० पासून एक जागा राखीव झाली. १९९२ मध्ये पुन्हा प्रवेश मिळालेल्या दक्षिण आफ्रिकेने १९९६ साली मायदेशी आफ्रिकी चषक जिंकला.